टिपू सुलतान व त्याचे बाण

दिवाळीच्या रात्रीं पांझरेकांठीं आमच्या देवपुरांत मुलें बाण उडवितात. नळींत दारू, खालीं काडी. वात पेटली कीं बाण आकाशांत झेपावतो. अशाच बाणांनीं ज्यानें बलाढ्य सैन्यांस धडकी भरविली, त्या टिपू सुलतानाचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

टिपूचा जन्म १७५० च्या सुमारास देवनहळ्ळी येथें झाला. त्याचा बाप हैदरअल्ली पुढें म्हैसूर राज्याचा खरा धनी झाला. लढाईंतले बाण हिंदुस्थानांत आधींपासून होते. मराठ्यांच्या फौजेंतही ते असत. परंतु साधी नळी दारूचा जोर सोसत नसे. म्हैसुरांत ती लोखंडाची केली. मग दारू घट्ट ठासतां येऊं लागली आणि बाण एक-दोन किलोमीटर जाऊं लागला. दिशा राखण्यास नळीला लांब बांबू बांधीत. नेम अचूक नसे. पण शेंकडों बाण एकदम सुटले म्हणजे घोडे उधळत व पायदळाच्या रांगा मोडत. टिपूनें सैन्यांत बाणदारांच्या तुकड्या रीतसर नेमिल्या.

१७८० मध्यें पोल्लिलूर येथें इंग्रजांचा मोठा पराभव झाला; तेथें बाणांनीं त्यांचे दारूचे गाडे पेटले असें सांगतात. १७८२ मध्यें हैदर वारला व टिपू गादीवर आला. पुढें मराठे, निजाम व इंग्रज एक झाले, तेव्हां १७९२ मध्यें त्यास अर्धें राज्य व दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें व टिपू लढतांना मारला गेला.

त्याचे बाण मात्र संपले नाहींत. ते इंग्लंडांत नेण्यांत आले. विल्यम काँग्रीव्ह यानें त्यांवरून नवे बाण केले, आणि १८०७ मध्यें कोपनहेगन शहरावर तेच बरसले. १९८८ मध्यें भारतानें प्रथम उडविलेल्या पृथ्वी क्षेपणास्त्राचा पल्ला १५० किलोमीटर होता. मूळ तत्त्व तेंच, झोत मागें व बाण पुढें.

टिपूचें शौर्य निर्विवाद आहे. तथापि १७८४ मध्यें त्यानें मंगळूरकडील हजारों ख्रिस्ती लोकांस बंदी करून नेलें व त्यांतले अनेक मेले, हें आम्हांस विसरतां येत नाहीं. त्याच टिपूनें, मराठी फौजेबरोबरच्या लोकांनीं १७९१ मध्यें लुटलेल्या शृंगेरी मठास द्रव्य पाठविलें, हेंही आम्हीं लपवूं नये. पारडीं दोन्ही भरावीं, मगच तोलावें.

विद्यार्थिमित्रहो, बाण घडविणाऱ्याचा राहत नाहीं. तो उचलील त्याचा होतो. म्हणून विद्या शिकतांना ती कोणत्या कामीं लावावयाची, हेंही शिका.