लोण्या-अंड्यांच्या पेढीत हिशेब बघणाऱ्या माणसानं ११ हजार घरं बांधली, आज त्यातल्या एकेका घराला कोटींचा भाव आहे

पालो आल्टो, सनीवेल, क्युपर्टिनो. अमेरिकेतल्या बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसाला ही नावं बाणेर-हडपसरइतकीच ओळखीची. तिथं घर घ्यायचं म्हणून जाहिराती चाळायला घेतल्या की एक शब्द हमखास दिसतो, 'आयक्लर'. घर सत्तर वर्षं जुनं, एकच मजला, छप्पर जवळपास सपाट, रस्त्यावरून बघितलं तर गोडाऊन वाटावं असं. आणि किंमत? पालो आल्टोत २५-३० लाख डॉलरच्या पुढं. आपल्या पैशात वीस कोटींच्या वर.

आता आयक्लर हे घराच्या प्रकाराचं नाव नाही, एरियाचं नाही आणि आर्किटेक्टचंही नाही. ते बिल्डरचं आडनाव आहे.

आपल्याकडं बिल्डरचं नाव लोकांच्या लक्षात राहतं ते पझेशन लांबलं म्हणून. हा गडी जाऊन पन्नास वर्षं झाली तरी त्याच्या नावानं घरं विकली जातात. आणि गंमत म्हणजे वयाची चाळिशी ओलांडेपर्यंत त्याचा बांधकामाशी काडीचाही संबंध नव्हता.

जोसेफ आयक्लरचा जन्म १९०० सालचा, न्यूयॉर्कचा. युरोपातून आलेलं ज्यू कुटुंब. शिक्षण कॉमर्सचं, सुरुवातीचं काम वॉल स्ट्रीटवर. लग्न झालं ते लिलियन मॉन्कार्श यांच्याशी. त्यांच्या माहेरचा सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लोणी-अंड्यांचा होलसेल धंदा होता. नाय अँड निसेन नावाची पेढी. जोसेफ तिकडं गेला आणि पेढीचे हिशेब बघायला लागला. वीसेक वर्षं त्यानं हेच केलं.

या काळात त्याच्या हातून काही घडलं असतं तर ते नफ्या-तोट्याच्या वहीतच. पण १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं एक घर भाड्यानं घेतलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला हिल्सबरो नावाचं गाव आहे. तिथलं बॅझेट हाऊस. बांधणारा माणूस म्हणजे फ्रँक लॉइड राइट, अमेरिकेचा सगळ्यात गाजलेला आर्किटेक्ट. घर काही महाल नव्हतं. उलट सामान्य कुटुंबाला परवडतील अशी घरं करायची म्हणून राइट यांनी जो प्रयोग चालवला होता, त्यातलंच हे एक. आराखडा षटकोनी, मधमाशीच्या पोळ्यासारखा. लाकूड आणि विटा जशाच्या तशा उघड्या ठेवलेल्या. घराची मागची बाजू काचेची, त्यामुळं बाग कुठं संपते आणि बैठकीची खोली कुठं सुरू होते तेच कळू नये.

हिशेबनीस माणूस त्या घराच्या प्रेमात पडला. पण घर भाड्याचं. १९४५ मध्ये ते विकलं गेलं आणि आयक्लर कुटुंबाला बाहेर पडावं लागलं.

तिकडं पेढीचंही वाजलं होतं. सरकारी पुरवठ्यात फसवणूक केल्याचा खटला नाय अँड निसेनवर आणि तिच्या अध्यक्षावर चालला. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९४९ मध्ये शिक्षा कायम झाली. आरोपी सासरचे, जोसेफ नव्हे. पण पंचेचाळिशीच्या आसपास त्याच्यासमोर प्रश्न उभा राहिला, आता करायचं काय?

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. लाखो सैनिक घरी परतत होते, लग्नं होत होती, पोरं होत होती. सरकार सैनिकांच्या गृहकर्जाची हमी घेत होतं. राहायला घरं मात्र नव्हती. चार भिंती आणि छप्पर उभं करणारा कुणीही माणूस पैसे कमवत होता. आयक्लरही त्यात उतरला. सनीवेलमध्ये त्यानं साधी, चारचौघांसारखी घरं बांधली आणि विकली. ती बघायला आज कुणी जात नाही.

दरम्यान स्वतःसाठी राइटच्या वळणाचं घर बांधायचं त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्यासाठी त्यानं रॉबर्ट अँशन नावाच्या तरुण आर्किटेक्टला गाठलं. अँशन राइटचा भक्त. त्यानं आयक्लरची बाजारू घरं पाहिली आणि सरळ तोंडावर विचारलं की स्वतःला राहायला असलं घर हवं असणारा माणूस लोकांना असली घरं कशी काय विकतो?

दुसऱ्या कुणी आर्किटेक्टला हाकलून दिलं असतं. आयक्लरनं त्यालाच कामाला लावलं.

अँशननं आराखडे केले आणि १९४९-५० मध्ये सनीवेलच्या सनीमाउंट गार्डन्समध्ये पन्नासेक घरं उभी राहिली. किंमत दहा हजार डॉलरच्या आत. आजची महागाई धरून हिशेब केला तरी ते सव्वा लाख डॉलरच्या आसपास जातात. घरं हातोहात गेली.

तर या घरांत असं होतं काय?

ज्याला आज 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणतात, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावरची आधुनिक घरं, ती त्याआधी एकेका श्रीमंत माणसासाठी बांधली जायची. आयक्लरनं तीच गोष्ट कारखान्याच्या शिस्तीत केली. छपराचं वजन भिंतींवर नाही, लाकडी खांब आणि तुळयांवर. आपल्या जुन्या वाड्यातल्या खण पद्धतीसारखंच म्हणा. वजन खांबांनी पेललं की भिंतीचं काम उरत नाही. मग तिथं जमिनीपासून छतापर्यंत काच लावता येते. स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि बैठक एकात एक. आतल्या भिंतींना लाकडी फळ्या. आणि जमिनीच्या काँक्रीटमध्ये गरम पाण्याच्या नळ्या पुरलेल्या, म्हणजे थंडीत फरशीच उबदार.

रस्त्याच्या बाजूला मात्र खिडक्या जवळपास नाहीत. म्हणूनच बाहेरून गोडाऊन. सगळी काच मागच्या अंगणाकडं.

१९५० च्या दशकाच्या शेवटी यात आणखी एका गोष्टीची भर पडली. घराच्या मधोमध उघड्या आकाशाची जागा. तिकडं त्याला 'एट्रियम' म्हणतात. मराठी माणसाला शब्द शोधायची गरज नाही, हा आपला चौक. बाहेरचं दार उघडलं की चौक, चौकातून घरात. घराच्या पोटातच ऊन-पाऊस.

हे काम एकट्या अँशनचं नव्हतं. १९५० मध्ये आर्किटेक्चरल फोरम या मासिकानं वर्षातली सर्वोत्तम वसाहत म्हणून आयक्लरला गौरवलं आणि त्याच वेळी बिल्डरसाठीच्या सर्वोत्तम घराचा मान मिळाला आर्किटेक्ट ए. क्विन्सी जोन्सला. (संगीतकार क्विन्सी जोन्स वेगळा.) त्यातून दोघांची ओळख झाली आणि पुढं जोन्स आणि फ्रेडरिक एमन्स या जोडीनं आयक्लरसाठी शेकडो घरांचे आराखडे केले. नंतर क्लॉड ओकलंड आला. बिल्डर साधारणपणे आर्किटेक्टची फी वाचवतो. हा माणूस दहा हजार डॉलरच्या घरालाही आर्किटेक्ट लावत होता, आणि तेही नावाजलेले. माझ्या मते त्याचं अर्धं श्रेय इथंच आहे.

उरलेलं अर्धं श्रेय घरं कुणाला विकली यात आहे.

तेव्हाच्या अमेरिकेत पैसे असले म्हणजे घर मिळतंच असं नव्हतं. अनेक वसाहतींच्या खरेदीखतातच अट असायची की हे घर गोऱ्या माणसाशिवाय कुणाला विकायचं नाही. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की अशा अटींची अंमलबजावणी कोर्ट करणार नाही. पण बिल्डर, एजंट आणि बँका आपसात जे करायचं ते करतच राहिले. गृहकर्जाच्या हमीचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचीच भूमिका अनेक वर्षं अशी होती की मिश्र वस्ती म्हणजे जोखीम. न्यूयॉर्कजवळची लेव्हिटटाऊन ही त्या काळातली सगळ्यात गाजलेली वसाहत. हजारो घरं, आणि घेणारे सगळे गोरे.

याचा अर्थ समजून घ्या. आज सनीवेलमध्ये घर घेणारा आपल्याकडचा इंजिनिअर १९५० मध्ये तिथं गेला असता, तर हातात पैसे असूनही बहुतेक दारांतून परत आला असता.

आयक्लरनं सुरुवातीपासून आशियाई वंशाच्या लोकांना घरं विकली आणि १९५० च्या दशकात काळ्या कुटुंबांनाही विकायला सुरुवात केली. ऐपत असेल आणि घर घ्यायचं असेल तर विकायचं, वंश विचारायचा नाही. कंपनीचं हे धोरण होतं. आधी घर घेतलेल्या काही गोऱ्या शेजाऱ्यांनी आक्षेप घेतला. भाव पडतील ही त्यांची भीती. त्यावर आयक्लरनं त्यांची घरं परत विकत घ्यायची तयारी दाखवली. ज्याला जायचं असेल त्यानं जावं. भाव काही पडले नाहीत.

धंद्याच्या हिशेबानं हा धोका होता. एका वसाहतीत आरडाओरडा झाला असता तर शेकडो घरं पडून राहिली असती. माणूस चळवळीतला नव्हता, बिल्डर होता. तापट होता, कामात कसूर दिसली की साइटवर कुणाचीही गय करायचा नाही. पण या मुद्द्यावर तो हलला नाही. १९५८ मध्ये बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेनं भेदभावाविरुद्ध भूमिका घ्यायला नकार दिला, तेव्हा त्यानं संघटनेचा राजीनामा दिला. घरविक्रीत वंशभेद करणं बेकायदा ठरवणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत आला १९६८ मध्ये. दहा वर्षांनंतर.

१९६० च्या आसपास आयक्लरचं सगळं जोरात होतं. पालो आल्टो, सॅन मटेओ, मरिन काउंटी, दक्षिणेत लॉस एंजेलिसच्या बाजूला. १९५६ मध्ये त्यानं पोलादी सांगाड्याचं प्रयोगाचं घर बांधलं, एक्स-१०० नावाचं, आणि ते बघायला लोकांच्या रांगा लागल्या. एकट्या पालो आल्टोत त्याची अडीच हजारांवर घरं झाली, सगळी मिळून सुमारे ११ हजार.

मग त्यानं ती गोष्ट केली जी चांगलं चाललेल्या अनेक बिल्डरांनी केली आहे. उंच इमारतींकडं वळला.

कंपनी शेअर बाजारात गेली होती. सॅन फ्रान्सिस्को शहरात जुन्या वस्त्या पाडून नवीन बांधण्याची मोहीम चालू होती. आयक्लरला वाटलं की उपनगरात जे केलं ते शहरात करू. रशियन हिलवर ३२ मजली समिट उभी राहिली. शहराच्या टोकाला जिनिव्हा टॉवर्स. पण एकमजली लाकडी घराचं गणित वेगळं आणि टॉवरचं वेगळं. घर चार महिन्यांत विकून पैसे मोकळे होतात, टॉवरमध्ये ते वर्षानुवर्षं अडकतात. खर्च वाढत गेले आणि १९६७ मध्ये आयक्लर होम्स दिवाळखोरीत गेली. त्यातल्या जिनिव्हा टॉवर्सची पुढं इतकी दुर्दशा झाली की १९९८ मध्ये सुरुंग लावून ते पाडले.

आयक्लर तेव्हा सदुसष्ट वर्षांचा. गडी गप्प बसला नाही. क्लॉड ओकलंडला सोबत घेऊन छोट्या प्रमाणावर पुन्हा घरं बांधत राहिला, ते १९७४ मध्ये मरेपर्यंत.

त्याच्यानंतरची काही वर्षं या घरांना फारसं कुणी विचारत नव्हतं. सपाट छपरं गळायची. सुरुवातीच्या अनेक घरांत फरशीखालच्या नळ्या लोखंडाच्या होत्या, त्या गंजल्या. वर पोटमाळा नाही, भिंतींमध्ये उष्णता अडवणारं फारसं काही नाही, काच एकपदरी. त्यामुळं थंडीत बिल आणि उन्हाळ्यात घाम. लोकांनी लाकडी फळ्यांवर पांढरा रंग फासला, चौकावर छप्पर टाकून एक खोली वाढवली.

१९९० च्या दशकानंतर वारं फिरलं. कॉम्प्युटर कंपन्यांचा पैसा आला, जुन्या डिझाइनची आवड आली आणि लोक तोच पांढरा रंग खरवडून काढायला लागले. ॲपलचा स्टीव्ह वॉझ्नियाक सनीवेलच्या आयक्लर घरात वाढला. स्टीव्ह जॉब्सलाही आपलं लहानपणीचं घर आयक्लरचं वाटायचं आणि साधी, सुंदर वस्तू सगळ्यांना परवडावी हे त्या घरातून शिकलो अशी त्याची धारणा होती. नंतर शोधाशोध झाली तेव्हा कळलं की ते घर मॅके नावाच्या दुसऱ्याच बिल्डरचं. पण मॅकेचे आर्किटेक्टही अँशनच्याच फर्मचे, त्यामुळं जॉब्स फार चुकला होता असं म्हणता येणार नाही.

२००५ मध्ये पालो आल्टोतल्या ग्रीन गेबल्स आणि ग्रीनमेडो या दोन आयक्लर वसाहती अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेल्या.

मग आज असं घर घेणारा नेमकं काय विकत घेतो? पैशाचा मोठा भाग जमिनीचा. गुगल-ॲपलच्या ऑफिसपासून थोड्या अंतरावरचा प्लॉट म्हटल्यावर त्यावर काहीही असलं तरी भाव चढाच. घर बघायला गेलेल्यानं आधी तीन गोष्टी विचाराव्यात, असं जाणकार सांगतात. फरशीखालच्या नळ्या चालू आहेत का, छप्पर शेवटचं कधी बदललं आणि मूळ आराखड्यात किती फेरफार झालेत. जितके कमी फेरफार तितका शौकीन गिऱ्हाईक जास्त मोजतो.

आणि चौथी गोष्ट, आपल्याला वर मजला चढवता येईल का? बऱ्याच ठिकाणी उत्तर नाही असंच येतं. कारण सरळ आहे. मागची सगळी भिंत काचेची असल्यावर शेजाऱ्यानं एक मजला चढवला की त्याच्या खिडकीतून तुमचं घर दिसणार. म्हणून पालो आल्टोतल्या काही आयक्लर वसाहतींनी अर्ज करून आपल्या भागावर एकाच मजल्याची मर्यादा घालून घेतली आहे. क्युपर्टिनोत फेअरग्रोव्ह नावाची वसाहत आहे, १९६०-६१ मध्ये बांधलेली, दोनशेच्या वर घरं. तिच्यासाठी पालिकेनं बांधकामाचा वेगळा विभागच केला आहे. नाव 'आर-वन-ई'. त्यातला 'ई' आयक्लरच्या इंग्रजी आडनावाचं पहिलं अक्षर.