हॅलिफॅक्सचा मुद्रक जोसेफ हाऊ

राजकारण हा वकिलांचा व जमीनदारांचा प्रांत, धंदेवाल्यानें आपलें दुकान सांभाळावें, असें मानणारे गृहस्थ व्यापारी वर्गांतही पुष्कळ आहेत. त्यांनीं आज कॅनडांत मोडणाऱ्या नोव्हा स्कोशियाच्या जोसेफ हाऊचें चरित्र अवश्य पहावें.

हाऊ १८०४ सालीं हॅलिफॅक्स येथें जन्मला. वडील मुद्रक. शाळेचें शिक्षण बेताचेंच. तेराव्या वर्षीं तो छापखान्यांत कामास लागला व १८२७ च्या अखेरीस त्यानें 'नोव्हास्कोशियन' हें पत्र विकत घेतलें. वर्गणीच्या वसुलीसाठीं तो घोड्यावरून गांवोगांव हिंडे, आणि प्रांताची खरी ओळख त्यास या फिरतींतच झाली.

हॅलिफॅक्सचा कारभार त्या वेळीं सरकारनियुक्त मॅजिस्ट्रेटांच्या हातीं होता. मॅजिस्ट्रेट व पोलीस यांनीं तीस वर्षांत लोकांचे तीस हजार पौंड उपटले, असा आरोप करणारें टोपणनांवी पत्र हाऊनें १ जानेवारी १८३५ रोजीं छापलें. राजद्रोहात्मक बदनामीचा खटला झाला. वकिलांनीं आशा सोडण्यास सांगितलें, व कायद्याच्या दृष्टीनें ते चुकले नव्हते. मजकूर खरा आहे, हा बचावच त्या कायद्यास मान्य नव्हता. हाऊनें कायद्याचीं पुस्तकें उसनीं आणून आठवडाभर वाचलीं आणि सहा तासांहून अधिक वेळ स्वतःच भाषण केलें. मुख्य न्यायाधीशांचा कल शिक्षेकडे असतां ज्यूरीनें दहा मिनिटांत त्यास निर्दोषी ठरविलें. आमच्या पदवीस हें थोडें झोंबतें खरें!

१८३६ मध्यें तो कायदेमंडळांत गेला. मंत्र्यांनीं गव्हर्नरास नव्हे, लोकसभेस जबाबदार असावें, ही त्याची मागणी. १८४० मध्यें त्याच न्यायाधीशांच्या मुलानें त्यास द्वंद्वास बोलाविलें. त्याचा नेम चुकला, हाऊनें गोळी आकाशांत झाडली. शेजारच्या दोन्ही कॅनडांत १८३७ सालीं बंड होऊन रक्त सांडलें होतें. येथें फेब्रुवारी १८४८ मध्यें तंट्याशिवाय जबाबदार मंत्रिमंडळ आलें. ब्रिटिश वसाहतींत तें पहिलेंच. १८६० ते १८६३ हाऊ मुख्य मंत्री होता.

१८६७ सालीं मतदारांस न विचारतां प्रांत कॅनडाच्या संघांत घातला गेला. हाऊच्या विरोधी पक्षानें १९ पैकीं १८ जागा जिंकल्या, पण लंडननें दाद दिली नाहीं. प्रांतास अधिक पैसा मिळवून घेऊन १८६९ मध्यें तो त्याच संघाचा मंत्री झाला. जुने स्नेही तुटले. द्रोह म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. परंतु ज्यानें मतदाराचा हक्क शिकविला, त्यानें त्यास आधीं विचारावयास हवें होतें. भर हिवाळ्यांतील पोटनिवडणूक त्यानें जिंकली, प्रकृति मात्र कायमची ढासळली. मे १८७३ मध्यें तो प्रांताचा गव्हर्नर नेमला गेला, व तीनच आठवड्यांनीं, १ जून रोजीं, ज्या वाड्यांतल्या गव्हर्नरांशीं तो जन्मभर भांडला त्याच वाड्यांत वारला.