भावाने घराबाहेर काढलं, पण सोलापूरच्या राम जोशींनी पोथी आणि डफ एकत्र आणले

गोष्ट सोलापूरची आहे, पण सुरुवात लंडनपासून करू.

1970 च्या दशकात इंग्लंडच्या संगीतात दोन टोकं होती. एका टोकाला प्रोग्रेसिव्ह रॉक. पंधरा-वीस मिनिटांचं एकेक गाणं, मध्येच बदलणारा ताल, शास्त्रीय संगीताचा अभ्यास केलेले वादक. दुसऱ्या टोकाला पंक. दोन-तीन मिनिटांचं गाणं, जेमतेम तीन कॉर्ड, आणि शिकलेल्या संगीताबद्दल उघड राग. पंकचा सगळ्यात गाजलेला चेहरा म्हणजे सेक्स पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन. पिंक फ्लॉइड या बँडचा आपल्याला तिटकारा आहे, असं लिहिलेला टीशर्ट तो घालायचा.

पण 1977 मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओने त्याला त्याच्या आवडीची गाणी वाजवायला बोलावलं, तेव्हा त्याने पीटर हॅमिल या गायकाची दोन गाणी लावली. हॅमिल होता व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रोग्रेसिव्ह बँडचा म्होरक्या. म्हणजे बाहेरून जी भिंत दिसत होती, ती गाणाऱ्यांच्या कानांत नव्हती.

आपल्याकडे अशीच भिंत होती. एका बाजूला कीर्तन, पुराण आणि संस्कृत काव्य. दुसऱ्या बाजूला तमाशा. फरक एवढाच की लंडनमध्ये भिंत ओलांडली तर फार तर मित्र चिडवायचे. इथे घर सुटायचं, जात सुटायची. ही भिंत ज्यांनी आयुष्यभर ओलांडली ते म्हणजे शाहीर राम जोशी.

त्यांचा जन्म 1762 च्या सुमारास सोलापुरात झाला. वडिलांचं नाव जगन्नाथ. घर ब्राह्मणाचं, विद्येचं. थोरला भाऊ मुद्गल जोशी हा संस्कृतचा जाणकार, पुराण सांगणारा, गावात मान असलेला माणूस. धाकट्यानेही तेच करावं अशी घरच्यांची अपेक्षा असणार, यात नवल नाही.

पण रामचं लक्ष पोथीत नव्हतं. सोलापुरात तेव्हा धोंडी शाहिराचा तमाशा जोरात होता. डफ, तुणतुणं आणि ढोलकी यांचा आवाज आला की राम तिकडे पळायचा. आधी नुसता ऐकायला, मग फडातल्या लोकांबरोबर बसायला, आणि मग थेट धोंडीसाठी लावण्या रचून द्यायला. पोरगं घरात शब्द ऐकत वाढलं होतं. तो साठा बाहेर आला तो फडात.

आता त्या काळी याचा अर्थ काय होता, हे समजून घ्यायला हवं. तमाशाचे फड प्रामुख्याने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्या जातींचे होते. पुढे बसून लावणी ऐकायला सगळे यायचे, सरदार आणि सावकारही यायचे. ऐकणं चालायचं. फडात उभं राहणं चालायचं नाही. पुराणिकाच्या घरातला मुलगा तमाशगिरांबरोबर राहतो, त्यांच्यासाठी गाणी बांधतो, ही गोष्ट घराची अब्रू घालवणारी होती. शेवटी मुद्गल जोशींनी धाकट्या भावाला घराबाहेर काढलं.

इथे गोष्ट वेगळं वळण घेते. घराबाहेर पडलेला राम सरळ फडात जाऊन राहील असं कुणालाही वाटलं असतं. तो गेला पंढरपूरला. आज सोलापूरहून निघालं की मोहोळपर्यंत पुण्याचा रस्ता, आणि मोहोळला तो सोडून पंढरपूरकडे वळायचं. हे अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच्या घरातलं. पंढरपुरात बाबा पाध्ये या विद्वानांकडे राम संस्कृत शिकला. जी विद्या घरात बसून मिळत होती ती त्याने नाकारली होती. आता घर गेल्यावर तीच विद्या तो स्वतःहून मागायला गेला.

पंढरपूरहून परतलेले राम जोशी पंडित होते. त्यांचं संस्कृतावरचं प्रभुत्व किती होतं याचा पुरावा म्हणजे मदालसाचंपू हा त्यांच्या नावावर असलेला संस्कृत ग्रंथ. चंपू म्हणजे गद्य आणि पद्य यांची मिसळ असलेला काव्यप्रकार. त्यांनी कीर्तनंही केली. इथेच थांबले असते तर घराण्याचं नाव राखणारा विद्वान म्हणून त्यांची नोंद झाली असती. पण ते पुन्हा तमाशाकडे वळले आणि त्यांनी स्वतःचा फड उभा केला.

या वेळी मात्र ते रिकाम्या हाताने गेले नाहीत. पंढरपुरात जे शिकले ते सगळं त्यांनी लावणीत ओतलं.

उदाहरणच घ्यायचं तर छेकापन्हुतीची लावणी. छेकापन्हुती हा संस्कृत काव्यशास्त्रातला अलंकार. एक बाई आपल्या मैत्रिणीला काहीतरी सांगत असते, आणि वर्णन असं असतं की ऐकणाऱ्याला वाटावं ही प्रियकराबद्दलच बोलते आहे. मैत्रीण तसं विचारते, की लगेच बाई झटकून टाकते आणि भलत्याच साध्या वस्तूचं नाव घेते. पंडितांच्या सभेत हा बुद्धीचा खेळ. तमाशाच्या बोर्डावर तोच खेळ चावट सवाल-जवाब होतो. राम जोशींना हे दिसलं. अलंकार एकच होता, फक्त त्याच्यामागे ढोलकी हवी होती.

त्यांची रचना वाचताना लांबलचक संस्कृत समास येतात, यमकांवर यमकं येतात, अनुप्रास थांबत नाहीत, आणि तरी लय सुटत नाही. कारण हे शब्द पोथीत वाचायला नव्हते, ते थापेवर म्हणायला होते. सोलापूर हा मराठी आणि कानडी मुलखाच्या सीमेवरचा भाग, हिंदुस्थानीही कानावर पडणारी. राम जोशींनी मराठी, संस्कृत, कानडी आणि हिंदुस्थानी एकत्र आणून मिश्र भाषेतही रचना केल्या. बाजाराच्या दिवशी सोलापुरात जसं बोलणं ऐकू येत असेल, तसंच त्यांच्या कवितेत आलं.

विषयांचंही तसंच. स्त्रीच्या रूपाच्या शृंगारिक लावण्या त्यांनी लिहिल्याच. पण तीर्थक्षेत्रांवरही लिहिल्या, आणि माणसाचा जन्म वाया घालवू नका असं बजावणाऱ्या वैराग्याच्या लावण्याही लिहिल्या. ज्या फडात रात्री शृंगार रंगायचा, त्याच फडात हा उपदेशही व्हायचा.

एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तमाशात विद्वत्ता राम जोशींनीच पहिल्यांदा आणली असं नाही. कलगी आणि तुरा या पक्षांचे शाहीर एकमेकांना पुराणातले आणि अध्यात्मातले कूट प्रश्न घालायचे, त्याला भेदिक लावणी म्हणतात. उत्तर द्यायला ज्ञान लागायचंच. कीर्तनकारालाही लोक जागे ठेवायला नाट्य, विनोद आणि ताल लागायचा. दोन्हीकडे एक माणूस उभा राहून रात्रभर गर्दी धरून ठेवायचा. कला जवळच्या होत्या, दूर होते ते त्या सादर करणारे लोक.

यानंतर येतात मोरोपंत. बारामतीचे मोरोपंत म्हणजे त्या काळच्या पंडिती कवितेचं शिखर. त्यांच्या आर्या म्हणजे शब्दांचं कोरीव काम. त्यांनी राम जोशींची कविता ओळखली आणि त्यांना कवी म्हणून मान दिला. सांगतात की मोरोपंतांच्या प्रभावामुळे राम जोशींनी डफ फोडून टाकला, तमाशा सोडला आणि ते कीर्तनाकडे वळले. डफाची गोष्ट दंतकथा असू शकते. पण पुढे राम जोशींनी आपल्या कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या गावोगावी पोचवल्या, हे मात्र मराठी साहित्याच्या इतिहासात नोंदलेलं आहे.

म्हणजे बघा, आर्या कळायला कठीण. त्या सामान्य माणसापर्यंत नेल्या कुणी, तर ज्याला गर्दी कशी धरायची हे तमाशाने शिकवलं होतं त्याने. मोरोपंत 1794 मध्ये गेले, पण त्यांची कविता लोकांच्या ओठांवर राहिली त्यात एका शाहिराचा वाटा आहे.

असंच वळण संगमनेरच्या अनंत फंदींच्याही आयुष्यात सांगितलं जातं. तेही नावाजलेले शाहीर, आणि अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून तमाशा सोडून कीर्तनकार झाले अशी त्यांची कथा. दोन्ही कथांचा रोख एकच आहे. तमाशातून कीर्तनात आलं की माणूस सुधारला. उलट्या दिशेने गेलं की बिघडला.

राम जोशींचं आयुष्य मात्र या हिशेबात बसत नाही. ते दोन्ही दिशांनी गेले. 1796 मध्ये दुसरा बाजीराव पेशवा झाला आणि पुण्यात लावणीला मोठा आश्रय मिळाला. होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांच्यासारख्या शाहिरांचा तो काळ. राम जोशींचं नाव त्याच रांगेत घेतलं जातं. 1812-13 च्या सुमारास, पन्नाशीच्या आसपास त्यांचा मृत्यू झाला.

जवळजवळ 135 वर्षांनी ते पुन्हा लोकांसमोर आले. 1947 मध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरने लोकशाहीर राम जोशी हा चित्रपट काढला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांचं, लेखन ग. दि. माडगूळकरांचं, संगीत वसंत देसाईंचं. राम जोशी झाले जयराम शिलेदार आणि नर्तकी बया झाल्या हंसा वाडकर. चित्रपट तुफान चालला, आणि मराठी पडद्यावर लावणीची लाट आली. ज्या गाण्यामुळे एका मुलाला घर सोडावं लागलं होतं, तेच गाणं ऐकायला आता घरंदाज कुटुंबं तिकीट काढून येत होती.

पण या गोष्टीत एक माणूस मागे राहिला, तो म्हणजे धोंडी शाहीर. राम जोशींनी भिंत ओलांडली, त्याची किंमत मोजली, हे खरंच. तरी त्यांना परतीचा दरवाजा होता. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला तर पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकू शकत होता, कीर्तनाला उभा राहू शकत होता, मोरोपंतांकडून मान मिळवू शकत होता. फडात जन्मलेल्या कलावंताला पंढरपुरात कुणी संस्कृत शिकवलं नसतं. त्याने कितीही चांगली लावणी रचली तरी तो तमाशगीरच राहायचा.

सोलापूरच्या त्या पोराला पहिल्यांदा डफाशेजारी बसू दिलं ते धोंडीने. आज त्याचं नाव आपल्याला माहीत आहे, ते राम जोशींच्या गोष्टीत येतं म्हणून.