वालचंद हिराचंद : मोटारीचा ध्यास घेतलेला सोलापूरकर

रविवारी फॉर्म्युला वनची रेस असली की हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये बसायला जागा मिळत नाही. फेरारी भारी की मर्सिडीज, यावर नुसती भांडणं! पण मित्रांनो, त्यात आपलं इंजिन कुठे आहे? 'फोर्स इंडिया' ही टीम होती भारतीय नावाची, पण तिचं इंजिन आधी फेरारीचं होतं आणि २००९ पासून मर्सिडीजचं.

जपानच्या होंडाने पहिली मोटार १९६३ साली बाजारात आणली आणि १९६४ मध्ये थेट फॉर्म्युला वनमध्ये स्वतःचं इंजिन उतरवलं. १९६५ मध्ये मेक्सिकोत जिंकले, १९६८ नंतर माघार घेतली, १९८३ मध्ये परत आले. आपल्याकडे मात्र आधीची लढाई होती, मोटार बनवू द्या एवढ्यासाठीची! ती लढले शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. कॉलेज अर्धवट सोडून ते धंद्यात आले, पण पेढीवर मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली. पुढे बोरघाटातले बोगदे झाले, आणि तानसा तलावाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या पाइपलाइनचं कामही. आपल्या भिवंडी तालुक्यातून जाणारे ते अजस्र पाइप आपण रोज बघतो, पण या कामाशी वालचंदांचं नाव जोडलेलं आहे हे किती जणांना माहीत असेल?

१९१९ मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून जेरीला आणलं, पण गडी हटला नाही.

मोटार कारखान्याची योजना सर विश्वेश्वरय्यांनी मांडली होती, वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने पाठिंबा दिला, पण १९३९ मध्ये मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायसलरशी जमलं. तरी घोडं दिल्लीत अडलं. महायुद्ध सुरू होतं, लष्कराला हजारो ट्रक लागत होते, ते परदेशातून येत होते. पण इथे कारखाना काढायचा म्हटलं की युद्धाला त्याचा उपयोग नाही, असं सरकारचं म्हणणं!

दुसरा असता तर हात टेकले असते. अमेरिकेहून परतताना विमानात एका अमेरिकन विमान व्यावसायिकाशी ओळख झाली आणि त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. १९४२ मध्ये सरकारने तीही ताब्यात घेतली. विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला, तोही पुढे सरकारकडे गेला.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पण ती होती जुळणी. इंजिन म्हणजे नुसते नटबोल्ट आवळणं नव्हे. ब्लॉकचं कास्टिंग, क्रँकशाफ्टचं फोर्जिंग, सिलिंडरचं अचूक बोरिंग, पिस्टन, बेअरिंग... या प्रत्येकासाठी वेगळा कारखाना आणि तयार कामगार लागतो. ती साखळीच देशात नव्हती. ती एकेक कडी जोडत उभी करायची होती, आणि वालचंदांकडे वेळ उरला नव्हता. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला गेले.

पुढे फियाटच्या साथीने प्रीमियरची गाडी घराघरांत पोचली. मुंबईची पद्मिनी टॅक्सी तर २०२३ पर्यंत धावली. पण परवाना राज्यात स्पर्धाच नव्हती. त्यामुळे पद्मिनीत शेवटपर्यंत मुळात फियाटचंच १०८९ सीसीचं जुनं इंजिन राहिलं. होंडा रेसमध्ये हरत हरत शिकली. आपल्याला हरायला मैदानच नव्हतं!

आज सांगलीचं वालचंद कॉलेज त्यांच्या नावाने इंजिनिअर घडवतंय. परवानग्या मिळवण्यात त्यांचं आयुष्य खर्ची पडलं. आपल्याला तशी परवानगी मागावी लागत नाही. वर्कशॉपमध्ये लेथसमोर जॉब बिघडला म्हणून वैतागाल, तेव्हा हा सोलापूरकर जरूर आठवा. उरलेलं काम आपलं आहे, बरं का!