ओहमसाहेबांची चूक आणि सरांची काच



ओहमचा नियम माहीत नाही असा एकही प्राणी आपल्या होस्टेलवर सापडणार नाही. व्ही इज इक्वल टू आय आर. दहावीत पाठ केला, बारावीत पाठ केला, फर्स्ट इयरला पुन्हा पाठ केला. पण हा ओहम कोण, कुठला, त्याचं पुढे काय झालं, हे मला मागच्या पावसाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. ते कळायला कारण झालं एका सरांची जुनी गाडी.

गाडी पंचवीस वर्षांहून जुनी, सरांचा जीव की प्राण. ड्रायव्हरच्या बाजूची इलेक्ट्रिक काच खाली गेली ती वर येईना, आणि संभाजीनगरवर ढग तर भरून आलेले. आम्ही चौघे मल्टिमीटर घेऊन सरसावलो. फ्यूज ठीक होता. मोटरचं कनेक्शन सोडवलं, बटण दाबलं, त्या वायरवर मीटर लावला, बरोब्बर 12 व्होल्ट. म्हणजे बटण चांगलं, मोटर गेली, असा निकाल देऊन मोकळे झालो. मग मोटर थेट बॅटरीला लावून पाहिली, तर पठ्ठी गरगर फिरली! बटणही चांगलं, मोटरही चांगली, आणि काच मात्र ढिम्म. लॅबमधले सर हसले. म्हणाले की ओहमचीही गाडी पहिल्यांदा अशाच ठिकाणी अडली होती, आधी त्याचं चरित्र वाचा, मग बटण उघडा. आम्ही वाचलं. ते असं.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर, आई शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तिघंच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडील शाळेत फारसे शिकलेले नव्हते, पण स्वतःच्या जोरावर गणित आणि विज्ञान शिकले आणि मुलांना घरी त्यांनीच शिकवलं. धाकटा मार्टिन पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. जॉर्जला बापाकडून दोन गोष्टी मिळाल्या : डोक्यात गणित आणि हातात कारागिरी. दोन्ही त्याला जन्मभर पुरल्या.

1805 मध्ये जॉर्ज एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला आणि आपल्यापैकी अनेकांचं जे होतं तेच त्याचं झालं. नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स. (आपल्याकडे कॅरम म्हणा.) घाम गाळून पैसे पाठवणाऱ्या बापाने हे पाहिलं आणि तीन सत्रांनंतर त्याला सरळ काढून घेतलं. 1806 मध्ये सतराव्या वर्षी पोरगा स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला गेला. तिथे मात्र त्याने स्वतःच्या स्वतः गणिताचा फडशा पाडला, 1811 मध्ये परत आला आणि त्याच विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली.

डॉक्टरेट मिळाली, पण पोट भरेना. विद्यापीठातलं शिकवणं तुटपुंज्या पैशांमुळे सोडावं लागलं. बांबर्ग गावच्या शाळेत नोकरी धरली, तर 1816 मध्ये ती शाळाच बंद पडली. शेवटी 1817 मध्ये कोलोन शहरातल्या एका शाळेत जागा मिळाली. तिथे बऱ्यापैकी प्रयोगशाळा होती. तास संपले की ओहम तिथे जाऊन बसायचा आणि लागणारी उपकरणं स्वतःच्या हाताने करायचा. कुलपवाल्याचा मुलगा तो!

त्याचा प्रश्न साधा होता. वायर लांब केली की विजेचा प्रवाह कमी होतो, पण नेमका किती? 1825 मध्ये त्याने यावर निबंध छापला, सूत्रासकट. आणि ते सूत्र चुकलं होतं. ज्याचं नाव आपण रोज घेतो, त्याचा पहिला नियम चुकीचा होता!

चूक वायर मोजण्यात नव्हती, विजेच्या उगमात होती. त्या काळची रासायनिक बॅटरी सर्किट जोडलं की क्षणभर जोर दाखवायची आणि प्रवाह वाहू लागला की ढेपाळायची. बॅटरी स्थिर नसेल, तर तिच्या जिवावर घेतलेली मापं कशी स्थिर असणार? ओहम चूक झाकत बसला नाही. पोगेनडॉर्फ या संपादक-शास्त्रज्ञाने सुचवलं की बॅटरी सोडा आणि झेबेकने 1821 मध्ये शोधलेली उष्णतेवरची वीज वापरा. ओहमने बिस्मथ आणि तांबं यांची जोडणी केली, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. वीज मिळाली अगदी क्षीण, पण एकसारखी. मग तांब्याच्या आठ वायरी घेतल्या, सगळ्यात आखूड 2 इंच, सगळ्यात लांब 130 इंच. वर टांगलेल्या चुंबकसुईने प्रवाह मोजला, पुन्हा पुन्हा मोजला.

1826 मध्ये जे सूत्र हाती आलं ते असं : एक ठरावीक संख्या भागिले, वायरची लांबी अधिक आणखी एक ठरावीक संख्या. ही दुसरी संख्या म्हणजे वायर सोडून बाकीच्या सर्किटचा रेझिस्टन्स, त्यात विजेचा उगमही आला. आधी ज्याने फसवलं होतं, तेच आता सूत्रात हिशेबाने बसलं होतं.

आता कौतुक व्हायला हवं होतं. झालं उलटंच. अर्ध्या पगारावर रजा घेऊन तो बर्लिनला भावाकडे गेला आणि 1827 मध्ये सगळं गणितासह पुस्तकरूपाने छापलं. त्या काळी विजेला असं गणितात बसवणं जर्मनीतल्या अनेकांना रुचत नव्हतं. पुस्तकाचं स्वागत थंड झालं, विद्यापीठात जागा मिळण्याची आशा संपली. 1828 मध्ये त्याने कोलोनची नोकरी सोडली. वयाची चाळिशी जवळ आली होती. लग्न केलं नव्हतं, ते पुढेही केलं नाही. बर्लिनच्या लष्करी शाळेत थोडेसे तास घेऊन पोट भरायचं, असे दिवस आले. 1833 मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली तेव्हा कुठे जरा स्थैर्य आलं.

दाद मिळाली ती परदेशातून. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं. म्युनिक विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपद मिळालं 1852 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी. तरुणपणापासून हवी असलेली खुर्ची दोनच वर्षं लाभली. 6 जुलै 1854 रोजी तो गेला. 1881 मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने रेझिस्टन्सच्या एककाला जगभरासाठी त्याचं नाव दिलं.

गंमत म्हणजे इंग्लंडच्या कॅव्हेंडिशला हाच नियम ओहमच्या चार-पाच दशकं आधी गवसला होता. पण तो त्याच्या वह्यांतच राहिला, मॅक्सवेलने तो 1879 मध्ये छापला. नाव मात्र राहिलं चुकून, सुधारून, पुन्हा छापणाऱ्याचं.

आता आमची काच. मोटर सोडवून मोजलं तेव्हा प्रवाह वाहतच नव्हता. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण एक कोटी ओहम. त्याच्यापुढे बटणातला अर्धा-पाऊण ओहम म्हणजे दर्या में खसखस. प्रवाह जवळपास शून्य, म्हणून बटणात वाया जाणारं व्होल्टेजही शून्य, म्हणून मीटरवर पूर्ण 12. आपल्या पाणचक्कीचंच बघा ना. डोंगरातून मातीच्या नळांनी येणारं पाणी. नळात गाळ साचला तरी तोंड बंद ठेवाल तेव्हा दाब पूर्णच लागेल. तोंड उघडून चक्की फिरवायला गेलात की गाळ कळेल.

मग आम्ही मोटर जोडली, बटण दाबून धरलं आणि मीटरच्या दोन्ही पिना बटणाच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरींवर टेकवल्या. तब्बल 5 व्होल्ट! म्हणजे मोटरला उरले जेमतेम 7, आणि तेवढ्यात जड काच उचलली जाईना. जुन्या गाड्यांत बहुधा मोटरचा सगळा प्रवाह बटणातूनच जातो. 7 अँपियर धरले तर 5 गुणिले 7, म्हणजे 35 वॅटची उष्णता त्या इवल्याशा बटणात. उघडून पाहिलं तर कॉन्टॅक्ट काळेठिक्कर. बारीक पॉलिश पेपरने घासले, पुसले, परत मोजलं : 0.2 व्होल्ट. काच सरसर वर आली. पाऊस आला तेव्हा सर गाडीतच बसले होते, कोरडे.

तुमच्याकडे असं झालं तर याच पद्धतीने पुढे जा. मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबून, एकेक टप्पा मोजा : बॅटरी ते फ्यूज, फ्यूज ते बटण, बटण ते मोटर, शेवटी अर्थ. दाराच्या बिजागरीपाशी वायरी उघडझाप होऊन तुटतात, तिथे जरूर बघा. जिथे व्होल्ट वाया जाताना दिसतील, तिथे दोष. नवीन मोटरचे पैसे वाचतील.

आणि पहिलं निदान चुकलं, पहिला पेपर गेला, तर फार मनाला लावून घेऊ नका. ओहमसाहेबांचाही गेला होता. त्यांनी तो पुन्हा दिला.