शिळाछापाचा जनक झेनेफेल्डर

गणेशोत्सव जवळ आला की आपली तरुण मंडळी पताका आणि सदरे छापायच्या मागे लागतात. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचे कापड ताणायचे, नको तेथील छिद्रे बुजवायची आणि वर शाई ओतून ती रबरी पट्टीने ओढायची, की खालच्या कापडावर अक्षर उमटते. स्क्रीन प्रिंटिंगचे मूळ एवढेच. शाई कुठे लागावी आणि कुठे लागू नये, हा प्रश्न सुटला की छपाई जमली. हाच प्रश्न दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका गरीब तरुणाने निराळ्या रीतीने सोडवला. त्याची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

आलोइस झेनेफेल्डरचा जन्म ६ नोव्हेंबर १७७१ रोजी प्राग शहरात झाला. वडील नट होते व म्युनिकच्या नाटकगृहात काम करीत. मुलाने कायदा शिकावा म्हणून त्यांनी त्याला इंगोलश्टाटच्या विद्यापीठात घातले. पण वडील वारले, आई व भावंडांचा भार अंगावर आला आणि शिक्षण सुटले. आलोइसने नाटकांत कामे केली, नाटके लिहिली. परंतु छापखान्याचे पैसे चुकते करताना हाती काहीच उरेना. मग आपले आपणच छापावे असे त्याने ठरवले.

खिळे आणि यंत्र विकत घ्यायला पैसा नव्हता. म्हणून तो तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे लिहून ती तेजाबाने कोरायला शिकू लागला. पत्रा महाग, आणि सरावानंतर तो घासून पुन्हा गुळगुळीत करण्यात वेळ जाई. तेव्हा त्याने सरावासाठी त्या भागात मिळणारी चुनखडीची लादी घेतली. चुका झाकण्यासाठी मेण, साबण आणि काजळी यांची शाई त्याने स्वतःच तयार केली होती.

१७९६ साली एके दिवशी धोबीण दारात उभी होती. आईने कपड्यांची यादी लिहून द्यायला सांगितले. घरात कागदाचा चिटोरा नव्हता आणि दौतही सुकलेली. आलोइसने ती यादी समोरच्या लादीवर आपल्या शाईने लिहिली. पुढे ती पुसताना त्याच्या मनात आले, यावर तेजाब ओतले तर? तसे करताच भोवतालचा दगड किंचित झिजला आणि मेणाची अक्षरे उंच राहिली. त्यांवर शाई लावून छाप घेता येणार होता.

युक्ती सापडली, पण दाबयंत्र कुठून आणायचे? त्यासाठी २०० गुल्डन मिळावेत म्हणून तो दुसऱ्याच्या जागी सैन्यात भरती व्हायला निघाला. जन्म बव्हेरियातला नाही म्हणून त्याला परत पाठवले. अखेर ग्लाइस्नर या संगीतकाराने हात दिला आणि त्याच वर्षी ग्लाइस्नरची गाणी दगडावरून छापून निघाली.

खरा शोध पुढे १७९८ च्या सुमारास लागला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे आपल्या स्वयंपाकघरातही ठाऊक असते. झेनेफेल्डरने दगड कोरणेच सोडले. गुळगुळीत लादीवर तेलकट शाईने लिहायचे, वरून डिंक आणि थोडे तेजाब घातलेले पाणी फिरवायचे, मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई घेत नाही, तेलकट अक्षर मात्र घेते. कागद ठेवून दाबला की छाप तयार. यालाच आपण शिळाछाप म्हणतो.

१८०१ मध्ये त्याने लंडनमध्ये या कृतीचे पेटंट घेतले. पण धंद्याचे गणित त्याला फारसे जमले नाही; कला देशोदेशी पसरली आणि पुष्कळ पैसा इतरांनी मिळवला. १८०९ साली म्युनिकला जमीनमोजणीचे नकाशे छापणाऱ्या सरकारी कचेरीत त्याला नोकरी मिळाली आणि पोटाची चिंता मिटली. १८१८ मध्ये त्याने आपली सारी विद्या एका ग्रंथात लिहून काढली. कोणालाही शिकता यावी म्हणून कृती आणि मिश्रणे त्यात उघड केली. २६ फेब्रुवारी १८३४ रोजी म्युनिक येथे त्याचे निधन झाले.

या कलेने मराठीवर मोठे उपकार केले आहेत. आपल्या लिपीत जोडाक्षरे पुष्कळ, त्यांचे खिळे पाडणे कठीण. शिळाछापाला खिळे लागत नाहीत. सुंदर हस्ताक्षराचा लेखक असला की झाले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३० नंतरच्या काळात शिळाछापावर मराठी पंचांगे छापली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत काढलेला छापखानाही शिळेचाच. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून तेथे लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे निघत.

कोणाच्या देवघरात पणजोबांच्या वेळचे असे एखादे चित्र काचेमागे असेल, तर ते जपून ठेवावे, अशी आमची विनंती आहे. मुलांना ते दाखवताना धोबिणीच्या यादीची गोष्टही सांगावी.