रंग आणि रेषा : लक्ष्मणराव किर्लोस्कर

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
१. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे कलाशिक्षण आणि त्यांचे पुढील कार्य यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
२. अध्ययनाचे उद्दिष्ट आणि मूल्यमापनाचा निकष यांचे नाते उदाहरणासह सांगता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, किर्लोस्कर हे नाव तुम्ही नांगरावर, पंपावर किंवा जुन्या मासिकाच्या मुखपृष्ठावर वाचले असेल. या नावामागील माणूस आरंभी चित्रकलेचा विद्यार्थी होता आणि रंगांनीच त्याची वाट अडवली होती, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. कलाशिक्षणात काय शिकवायचे आणि विद्यार्थ्याला कशावरून जोखायचे, या प्रश्नाचा विचार आपण त्यांच्या चरित्राच्या आधारे करू.

कलाशाळेतील विद्यार्थी

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रे आणि यंत्रे या दोहोंची त्यांना ओढ होती. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने त्यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. सुमारे दोन वर्षांनी मात्र त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. रंगछटांतील भेद डोळ्यांना कळत नसेल, तर चित्रकार होणे दुरापास्तच.

येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. रंगयोजना हे एक उद्दिष्ट होते आणि ते त्यांना साध्य होणारे नव्हते. दया म्हणून गुण वाढवल्याने ही वस्तुस्थिती बदलली नसती. परंतु रेषेची अचूकता, प्रमाणाचे भान आणि वस्तूची रचना ओळखणारी नजर ही उद्दिष्टे वेगळी होती. सर्व गुण एकाच बेरजेत मिसळले असते, तर ‘अनुत्तीर्ण’ या एका शब्दात हे सारे बुडून गेले असते. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले.

‘परीक्षा’ या शब्दाची फोड ‘परि’ आणि ‘ईक्षा’ अशी होते. सर्व बाजूंनी पाहणे हा तिचा मूळ अर्थ. एकाच बाजूने पाहिले, तर परीक्षा घेतल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ती झालेली नसते.

आरेखनापासून नांगरापर्यंत

पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते यांत्रिक आरेखन शिकवू लागले. तेथील कार्यशाळेत यंत्रे हाताळत त्यांनी स्वतःचे शिक्षणही चालू ठेवले. अपेक्षित बढती न मिळाल्याने त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींचा व्यवसाय केला. त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी तयार केले. लोखंडाने जमीन नासेल, अशी भीती शेतकऱ्यांना वाटे. त्यामुळे आरंभीचे नांगर बराच काळ पडून राहिले. येथे परीक्षक होता शेतकरी आणि परीक्षेची जागा होती त्याचे शेत.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. पुढे त्यांनी औंधला चित्रसंग्रहालयही उभारले. रंगांत रमणाऱ्या राजाने रंग न ओळखणाऱ्या कारागिराच्या रेषेवर विश्वास टाकला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

माणसे निवडताना लक्ष्मणरावांनीही हीच दृष्टी ठेवली. शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांमधील कल्पक यंत्रज्ञ त्यांनी ओळखला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी वसाहतीच्या राखणीची जबाबदारी सोपवली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

समारोप

तुमच्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच थांबले असेल आणि एखादा जुना निकाल अजून मनात सलत असेल. तो निकाल खोटा होता, असे हे चरित्र सांगत नाही. तो कोणत्या उद्दिष्टाचा निकाल होता आणि कोणती उद्दिष्टे तेव्हा तपासलीच गेली नाहीत, एवढे विचारायला ते शिकवते.

स्वाध्याय

१. लक्ष्मणरावांच्या कलाशिक्षणातील साध्य व असाध्य उद्दिष्टे वेगळी करून लिहा.
२. तुमच्या गावातील चित्रकलेच्या विद्यार्थ्यासाठी मूल्यमापनाचे चार निकष सुचवा आणि प्रत्येकाचे कारण द्या.

सूचना : उत्तरे तपासताना माहितीची अचूकता, कार्यकारणसंबंध आणि भाषा यांना स्वतंत्र गुण द्या. एका निकषातील उणीव दुसऱ्या निकषाच्या गुणांत मोजू नका.